पोराला दोष देणं थांबवा: शिकागो बेअर्स, केलेब विल्यम्स आणि २०२४चा हंगाम

लेकशोर | ११ नोव्हेंबर २०२४

काल अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये सोल्जर फील्डवर न्यू इंग्लंड पेट्रिअट्सने आपल्या बेअर्सला १९-३ असं हरवलं. तोवर हंगामात दोनच सामने जिंकलेला संघ आपल्या घरात येऊन आरामात जिंकून गेला. आपला नवा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चढाई चालवणारा केलेब विल्यम्स नऊ वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला. तिसऱ्या डाउनवर (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी तिसरी) चौदापैकी एकच प्रयत्न यशस्वी. त्याच्या आदल्या रविवारी ॲरिझोनात २९-९. म्हणजे लागोपाठ दोन सामने एकही टचडाउन नाही. शेवटी आपल्याच लोकांनी आपल्याच संघाची हुर्यो उडवली आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्यात पैसे मोजून बसलेल्या माणसाला तेवढा हक्क आहेच.

पण आज दिवसभर इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर जे चाललंय ते मला पटत नाही. 'हा पण ट्रुबिस्कीसारखा वायाच निघाला', 'याच्याऐवजी वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्सला घ्यायला हवं होतं', 'नखं रंगवणाऱ्या पोराकडून काय होणार'. शेवटच्या वाक्याला मी उत्तरही देणार नाही. पहिल्या दोन वाक्यांना मात्र द्यायचं आहे, म्हणून हा धागा.

मुलगा बावीस वर्षांचा आहे. यूएससी या कॉलेजकडून खेळताना २०२२ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान जिंकून आलाय. एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या पहिल्या क्रमांकावर आपण त्याला घेतलं. हा क्रमांक आपल्याला कॅरोलायनाकडून मिळाला, कारण २०२३चा पहिला क्रमांक आपण त्यांना विकला होता आणि त्यात डी. जे. मूर हा रिसीव्हरही (पास पकडणारा) मिळाला. आपला जनरल मॅनेजर रायन पोल्सने केलेला हा व्यवहार उत्तम होता, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. इतकं मोठं दान पडल्यावर आपण त्या मुलाला कुणाच्या हाती सोपवलं?

मागचं आठवून बघा. २०१७मध्ये दुसऱ्या क्रमांकावर मिच ट्रुबिस्की आला तेव्हा हेड कोच जॉन फॉक्स होता. हंगाम संपल्या संपल्या त्याला काढलं. २०२१मध्ये अकराव्या क्रमांकावर जस्टिन फील्ड्स आला तेव्हा मॅट नेगी. त्यालाही त्याच हंगामानंतर घरी पाठवलं. आता मॅट एबरफ्लूस. मागच्या वर्षी सात जिंकून दहा हरला, तरी ठेवला, आणि त्याच्या हाताखाली शेन वॉल्ड्रन हा नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे चढाईचे डाव आखणारा कोच आणला. हे दोघे पुढच्या वर्षी इथे असतील असं तुमच्यापैकी कुणाला वाटतं?

तीन वेळा आपण नवा क्वार्टरबॅक आणला आणि तिन्ही वेळा ज्याची खुर्ची डळमळतेय अशाच कोचकडे दिला. असा कोच येत्या रविवारपुरता विचार करतो. त्याला पोर घडवायला वेळ नसतो आणि त्यात त्याचा फायदाही नसतो. मग दुसऱ्या वर्षी नवा कोच, नवं प्लेबुक (डावांची वही), नवी भाषा, आणि मुलगा पुन्हा पहिलीत. तिसऱ्या वर्षी आपण म्हणतो, याच्यात दमच नव्हता.

मला या विषयावर मनापासून बोलायचं आहे. असहमत असाल तर जरूर लिहा, पण सामने बघून लिहा.

केशरी_निळा | ११ नोव्हेंबर २०२४

मी सगळे सामने बघितलेत, म्हणून लिहितो.

कोच वाईट आहेत, मान्य. पण नऊच्या नऊ सॅक कोचच्या नावावर टाकता येणार नाहीत. केलेब चेंडू धरून ठेवतो. दोन सेकंद झाले, तीन झाले, चार झाले, तरी हा अजून काहीतरी घडेल म्हणून मागे मागे पळतोय. कॉलेजात ते चालून जायचं, तिथे समोरची पोरं याच्यापेक्षा हळू होती. एनएफएलमध्ये डिफेन्सिव्ह एंड अडीचशेहून जास्त पौंडांचा असून याच्याइतकाच पळतो. चेंडू बाहेर फेकून दे, पुढचा डाउन खेळ. इतकं साधं आहे.

आणि डॅनियल्सचं नाव काढलं की राग का यावा? पहिल्या क्रमांकावर आपण होतो, दुसऱ्यावर वॉशिंग्टन. दोघे एकाच दिवशी एकाच लीगमध्ये आले. तो संघ जिंकतोय, आपण हरतोय. काल समोर त्यांचा क्वार्टरबॅक ड्रेक मे होता, तिसऱ्या क्रमांकाचा. त्यालाही काही सोन्याची ओ-लाइन (क्वार्टरबॅकला राखणारी पाच जणांची फळी) मिळालेली नाही, तरी जिंकून गेला. तुलना होणारच.

२७ ऑक्टोबर तर माझ्या डोक्यातून जातच नाही. वॉशिंग्टनविरुद्ध पंचवीस सेकंद उरलेले असताना आपण १५-१२ असे पुढे. शेवटच्या चेंडूवर डॅनियल्सची हेल मेरी, म्हणजे देवावर भरवसा ठेवून लांब फेकलेला पास, आपल्याच खेळाडूच्या हाताला लागून चेंडू मागे उडाला आणि नोआ ब्राउनच्या हातात पडला. १८-१५. चेंडू खेळात असताना आपला टायरीक स्टीव्हन्सन प्रेक्षकांकडे तोंड करून हातवारे करत होता. त्या दिवसापासून हा संघ मोडलाय. त्याआधी आपण चार जिंकून दोनच हरलो होतो, लंडनला जॅक्सनव्हिलला ३५-१६ असं धुतलं होतं, हे आता खरं वाटत नाही.

फिल्मरूम | १२ नोव्हेंबर २०२४

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मी सामना संपला की दोन दिवसांनी वरून घेतलेलं चित्रण बघतो, त्यात सगळे बावीस खेळाडू दिसतात. टीव्हीवर चेंडूमागे कॅमेरा पळतो त्यामुळे बरंच काही निसटतं.

सॅक चार प्रकारे होतो. एक, लाइनमधला माणूस सरळ हरतो. दोन, कुणी कुणाला अडवायचं हे ठरवण्यातच घोळ होतो आणि समोरचा माणूस मोकळा येतो. तीन, रिसीव्हर मोकळे होत नाहीत किंवा त्यांचे मार्गच इतके लांबचे असतात की ते मोकळे होईपर्यंत वेळ संपतो. चार, क्वार्टरबॅक चेंडू सोडत नाही. आपल्याकडे चारही आहेत. पण परवा लाइनच्या दोन टोकांचे दोन्ही टॅकल, ब्रॅक्स्टन जोन्स आणि डार्नेल राइट, दोघेही जखमी होऊन बाहेर होते. राखीव टॅकल घेऊन खेळताना कोऑर्डिनेटरने काय करायला हवं? चेंडू पटकन सुटेल असे छोटे पास, स्क्रीन, क्वार्टरबॅकला पॉकेटमधून (लाइनमागच्या जागेतून) बाहेर काढणारे खेळ, टाइट एंडला (लाइनशेजारी उभा राहून पासही पकडणारा) मदतीला ठेवणं. वॉल्ड्रनने यातलं पुरेसं केलं नाही. केलेब मागे जातो, पाय रोवतो, वर बघतो, तोवर समोरचा आलेला असतो.

आणि नऊ-दहा वेळा मार खाल्लेला क्वार्टरबॅक पुढे रिसीव्हरकडे बघत नाही, अंगावर येणाऱ्या माणसांकडे बघायला लागतो. नजर खाली आली की उघडा रिसीव्हर समोर असूनही दिसत नाही. केशरी_निळा, तुम्ही म्हणता तो दोष खरा आहे. पण सप्टेंबरमध्ये तो जितका होता त्याहून आता जास्त आहे, हे लक्षात घ्या. नवा मुलगा हंगाम पुढे सरकेल तसा सुधारायला हवा. आपल्याकडे तो बिघडतोय, आणि ते शिकवण्याचं अपयश आहे.

डॅनियल्सबद्दल एक गोष्ट. वॉशिंग्टनचा कोऑर्डिनेटर क्लिफ किंग्सबरी. हा माणूस २०२३मध्ये यूएससीला होता, केलेबबरोबर. जानेवारीत आपण त्याची मुलाखत घेतली होती. नेमणूक केली वॉल्ड्रनची.

लाइनमनची_आई | १२ नोव्हेंबर २०२४

माझा मुलगा इथे उपनगरातल्या हायस्कूलच्या संघात लेफ्ट गार्ड, म्हणजे ओ-लाइनमधल्या पाच जणांपैकी एक, खेळतो. त्यामुळे मी सामना बघताना चेंडूकडे कमी आणि त्या पाच जणांकडे जास्त बघते. माझ्या नवऱ्याला वैताग येतो, पण सवय लागली आहे.

ओ-लाइन म्हणजे दहीहंडीचा खालचा थर. सगळे वरच्याकडे बघतात, पण खालच्यातला एक खांदा हलला की वरचा पडतो, आणि पडल्यावर नाव वरच्याचंच होतं. पाच जणांना एकमेकांची सवय व्हायला महिने लागतात. शेजारचा कधी सरकणार, कधी आपल्याकडचा माणूस त्याच्या हवाली करायचा, हे बोलायलाही वेळ नसतो. आपल्याकडे या हंगामात ते पाच जण टिकतच नाहीयेत. कधी सेंटर बदल, कधी गार्ड बदल, आज हा जखमी, उद्या तो. माझ्या मुलाचे कोच म्हणतात, ओळखीची साधारण पोरं चालतील पण अनोळखी हुशार पोरं नकोत.

पोल्सने रिसीव्हर आणले. मूर होता, कीनन ॲलन आणला, नवव्या क्रमांकावर रोम ओडुन्झे घेतला. डोळ्यांत भरणारी खरेदी सगळी झाली. समोरच्या पाच जणांसाठी त्या मानाने काय केलं? मुलाच्या अंगावर नऊ वेळा माणसं पडताना बघून मला क्रीडाप्रेमी म्हणून नाही, आई म्हणून राग आला.

रात्रपाळी_पुणे | १२ नोव्हेंबर २०२४

मी पुण्यातून बघतो. शिकागोत दुपारी बारा वाजले की इकडे रात्रीचे साडेअकरा. नोकरीनिमित्त तिकडे काही काळ होतो, तेव्हा लागलेलं वेड आहे, सुटत नाही.

काही दिवसांपूर्वी इथल्या मित्राला सामना दाखवला. त्याने विचारलं, या एका मुलावर सगळे एवढे का चिडलेत, मैदानात अकरा जण आहेत ना? मला नीट सांगता आलं नाही. या खेळात चेंडू दर वेळी एकाच माणसाच्या हातातून जातो, म्हणून श्रेयही त्याचं आणि शिव्याही त्यालाच, इतकंच सांगितलं. या धाग्याची लिंक त्याला पाठवतोय.

ऑरोराचे_काका | १२ नोव्हेंबर २०२४

मंडळी, आत्ताच बातमी आली. वॉल्ड्रन यांना काढले. थॉमस ब्राउन त्यांच्या जागी.

मी सत्तरच्या दशकाच्या अखेरीला या भागात आलो. १९८५चा संघ डोळ्यांनी पाहिला आहे. वॉल्टर पेटन, माइक सिंगलटरी, कोच डिट्का. जानेवारी १९८६मध्ये सुपर बोलमध्ये याच पेट्रिअट्सना आपण ४६-१० असे हरवले होते. त्यामुळे रविवारचे दृश्य मला फार लागले.

पण एक गोष्ट तेव्हाही खरी होती. तो संघ डिफेन्सचा होता. या संस्थेला नेहमी डिफेन्सच कळले. १९२० पासून चालत आलेला हा क्लब, आणि आजवर आपल्या एकाही क्वार्टरबॅकने एका हंगामात चार हजार यार्ड पास केलेले नाहीत. २०२४ पर्यंतचा विक्रम एरिक क्रेमरचा, १९९५ साली, ३,८३८ यार्ड. बाकीच्या संघांत चार हजार आता कौतुकाची गोष्टही राहिलेली नाही. आपल्या लेखाशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त आपण तीन मुलांपासून सुरुवात केलीत. सिड लकमन सोडले तर या दुखण्याला माझ्या वयाहून जास्त वर्षे झाली आहेत.

केशरी_निळा | १८ नोव्हेंबर २०२४

ग्रीन बे. घरी. १९-२०. कायरो सँटोसची ४६ यार्डांची, तीन गुणांची किक शेवटच्या क्षणी अडवली गेली.

लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो. केलेब काल चांगला खेळला. शेवटच्या ड्राइव्हमध्ये तिसरा डाउन, एकोणीस यार्ड हवेत, अशा अडचणीतून त्याने संघाला बाहेर काढलं. चौथ्या डाउनला ओडुन्झेला पास दिला. मैदान पार करून किकच्या टप्प्यात आणून दिलं. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ आणि हातात टाइमआउट. अजून पाच-सात यार्ड घेतले असते तर किक सोपी झाली असती. कोचने घड्याळ पळू दिलं.

हे त्या मुलाचं नव्हतं. हे मी मान्य करतो. ग्रीन बेविरुद्ध २०१८ पासून जिंकलेलो नाही आणि काल हातात आलेला सामना गेला.

ग्रीनबेकर | १८ नोव्हेंबर २०२४

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, पॅकर्सचा चाहता आहे. जखमेवर मीठ चोळायला आलेलो नाही, हा धागा पहिल्यापासून वाचतोय.

आमच्याकडे गेल्या तीसेक वर्षांत तीन क्वार्टरबॅक झाले: फार्व, रॉजर्स, लव्ह. लोक म्हणतात नशीब. नशीब असेलही. पण रॉजर्सला तीन वर्षं बाकावर बसवलं, लव्हलाही तीन वर्षं. बसलेल्या काळात दोघांनाही रोज शिकायला मिळालं. पोरगा मैदानात आला तेव्हा त्याला प्लेबुक पाठ होतं. तुमच्याकडे पहिल्या क्रमांकाच्या मुलाला बसवून ठेवणं शक्य नव्हतं हे मला समजतं, शहराने ऐकून घेतलं नसतं. पण मग शिकवणारे तरी पक्के हवेत.

काल आम्ही जिंकलो, पण तो मुलगा भारी आहे. पुढची दहा वर्षं त्याच्याशी वर्षातून दोनदा गाठ पडणार म्हणून मला काळजी आहे.

लेकशोर | २५ नोव्हेंबर २०२४

मिनेसोटा, ओव्हरटाइम, ३०-२७, हार. शेवटच्या दोन मिनिटांत अकरा गुणांची पिछाडी भरून काढली, छोटी ऑनसाइड किक मारून चेंडू परत मिळवला, आणि तरीही. केलेबचे ३४० यार्ड, दोन टचडाउन, एकही इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेला पास) नाही.

ब्राउनने वॉल्ड्रनची जागा घेऊन दोनच आठवडे झाले. प्लेबुक तेच, खेळाडू तेच. चेंडू लवकर सुटतोय, केलेबला पळायची मोकळीक मिळालीय, रिसीव्हर जवळ येतायत. मी धागा काढला तेव्हा जे मुद्दे मांडले होते ते याहून नीट मलाच मांडता आले नसते. हाच मुलगा पंधरा दिवसांपूर्वी 'फुकट' होता ना?

लाइनमनची_आई | २९ नोव्हेंबर २०२४

काल थँक्सगिव्हिंगला आमच्या घरी पंधरावीस माणसं होती. पुरणपोळीही होती आणि टर्कीही. जेवणं अर्धवट टाकून सगळे टीव्हीसमोर बसले, कारण डेट्रॉइटसमोर मध्यंतराला १६-० असे मागे पडलेलो आपण २३-२० पर्यंत आलो होतो. चेंडू आपल्याकडे, किकच्या टप्प्यात, एक टाइमआउट शिल्लक.

मग सॅक झाला. तीसेक सेकंद उरलेले. सगळ्यांनी एकसुरात ओरडून टाइमआउट मागितला. माझ्या सासूबाई, ज्यांना खेळाचे नियम फारसे माहीत नाहीत, त्याही म्हणाल्या, 'अगं थांबवत का नाहीत?' कोणी थांबवलं नाही. घड्याळ सहा सेकंदांवर आलं तेव्हा चेंडू सुटला, लांबचा पास चुकला, सामना संपला. टाइमआउट तसाच राहिला.

मुलगा रात्री उशिरापर्यंत बोललाच नाही. मग म्हणाला, 'आई, केलेबने स्वतः का नाही थांबवलं?' त्याचं उत्तर मी इथे विचारते. नव्या मुलावर ते किती टाकायचं?

फिल्मरूम | २९ नोव्हेंबर २०२४

ताई, तुमच्या मुलाने अगदी योग्य प्रश्न विचारला आहे. मैदानावरचा क्वार्टरबॅक टाइमआउट मागू शकतो. दहा वर्षं खेळलेला माणूस मागतोच. पण हेड कोच बाजूच्या रेषेवर उभा असतो, त्याला घड्याळ आणि मैदान दोन्ही दिसतात, आणि अशा क्षणी निर्णय त्याचा असतो. मुलगा तिकडे पुढचा खेळ सांगायच्या, लाइन जागेवर आणायच्या गडबडीत होता. पहिल्या वर्षाच्या मुलाची ती चूक मी समजू शकतो. अनेक वर्षं कोचिंग केलेल्या माणसाची नाही.

हे लिहितानाच बातमी आली. एबरफ्लूसला काढलं. सकाळी पत्रकारांशी बोलायला बसवला आणि दोन-तीन तासांत घरी पाठवला. हंगामाच्या मध्यात हेड कोच काढण्याची बेअर्सच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. चौदा विजय, बत्तीस पराभव. पुढचे सामने ब्राउन सांभाळणार. म्हणजे या महिन्याच्या सुरुवातीला जो पासिंगचा कोऑर्डिनेटर होता, तो महिना संपेपर्यंत हेड कोच झाला. केलेबचं शिक्षण चाललंय ते असं.

ऑरोराचे_काका | ९ डिसेंबर २०२४

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पहिल्या अर्ध्यात आपल्या ऑफेन्सने एकूण चार यार्ड मिळवले. चार. केलेब सात वेळा पडला. ३८-१३.

माझा नातू म्हणाला, आजोबा, टीव्ही बंद करू का. मी म्हटले, नको, पाहू दे. इतकी वर्षे पाहिले, आता मध्येच उठून जाणे मला जमत नाही.

केशरी_निळा | २३ डिसेंबर २०२४

डेट्रॉइटने काल सोल्जर फील्डवर आम्हाला एक नाटक करून दाखवलं. त्यांचा क्वार्टरबॅक गॉफ अडखळल्यासारखा लटपटला, त्यांचा रनिंग बॅक जमिनीवर पडला, आमचा डिफेन्स पुढे धावला आणि मागे सॅम लापोर्टा एकटा उभा. टचडाउन. ३४-१७. ठरवून रचलेला खेळ होता तो. बेन जॉन्सन त्यांचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आहे.

आमच्याकडे टाइमआउट घेता येत नाही आणि समोर कोणीतरी पडण्याचाही सराव करून आलंय. मला रडू आलं नाही, पण सामना संपल्यावर गाडीत बराच वेळ तसाच बसून राहिलो.

लेकशोर | २७ डिसेंबर २०२४

काल सिअ‍ॅटल, ३-६. सलग दहावा पराभव. घरचं मैदान, गुरुवारची रात्र, आणि स्टँडमधून घोषणा सुरू झाल्या: 'सेल द टीम'. मीही दिल्या. त्याबद्दल लिहायचं आहे.

मॅकॅस्की कुटुंबाकडे हा संघ जॉर्ज हॅलसपासून वारशाने आलाय. व्हर्जिनिया मॅकॅस्की या हॅलस यांच्या कन्या, वय शंभराच्या पुढे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण निर्णय कोण घेतं, कुठल्या आधारावर घेतं, हे चाहत्यांना कधीच कळत नाही. २०२३मध्ये आर्लिंग्टन हाइट्सची रेसकोर्सची जागा १९ कोटी ७० लाख डॉलरला घेतली. मग या एप्रिलमध्ये म्हणाले नको, तळ्याकाठीच नवं स्टेडियम बांधू, आणि त्यात लोकांचा पैसाही हवा. स्टेडियमचे आराखडे वर्षाला बदलतात. कोच निवडायच्या वेळी मात्र मागचंच पुढे चालू.

कालच्या सामन्यात केलेब पुन्हा सात वेळा सॅक झाला. शेवटचा पास सिअ‍ॅटलने पकडला. त्या पासआधी त्याचे सलग ३५३ पास इंटरसेप्शनशिवाय गेले होते. पहिल्या वर्षाच्या खेळाडूने आजवर एवढं कधी केलेलं नाही. 'चेंडू धरून ठेवतो' म्हणणाऱ्यांनी हेही लिहावं की तो चेंडू फुकट देत नाही. दोन्ही गोष्टी एकाच सवयीतून येतात. पहिली कमी करून दुसरी टिकवणं हे चांगल्या कोचचं काम आहे. मालकांनी असा कोच आणायचा आहे. माझी घोषणा त्यांना होती, केलेबला नव्हती, आणि तो मैदानावर उभा राहून ते ऐकत होता याचं मला वाईट वाटतं.

रात्रपाळी_पुणे | ६ जानेवारी २०२५

ग्रीन बेचं लॅम्बो फील्ड! २४-२२!! सँटोस, ५१ यार्ड, शेवटच्या सेकंदाला!!!

इकडे पहाटेचे तीन वाजायला आले होते, मी तोंडावर उशी धरून ओरडलो. ग्रीन बेविरुद्ध सलग अकरा पराभवांनंतर पहिला विजय. पाच जिंकले, बारा हरले, पण हा जिंकला.

ग्रीनबेकर | ६ जानेवारी २०२५

अभिनंदन. नोव्हेंबरमध्ये आम्ही तुमची किक अडवली, काल तीच किक तुम्ही मारलीत. शेवटच्या ड्राइव्हमध्ये तुमचा मुलगा घाबरलेला दिसला नाही. मी त्याच्याबद्दल लिहिलं होतं त्यावर कायम आहे.

फिल्मरूम | ७ जानेवारी २०२५

हंगामाचा हिशोब इथे नोंदवून ठेवतो. ३,५४१ यार्ड, २० टचडाउन, ६ इंटरसेप्शन, ६८ सॅक. सॅकचा आकडा या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक. पूर्ण इतिहासात याहून जास्त फक्त दोघांना: २००२मध्ये डेव्हिड कारला ७६, १९८६मध्ये रँडल कनिंगहॅमला ७२.

डेव्हिड कारचं पुढे काय झालं ते ज्यांना आठवतं त्यांना माझी भीती समजेल. तोही ड्राफ्टमधला पहिला क्रमांक होता. ह्यूस्टन तेव्हा नवा संघ होता, मार खाऊन खाऊन मुलाचा खेळच बदलून गेला. आपल्याकडे शंभर वर्षांचा संघ आहे, आपल्याला तेवढीही सबब नाही. हेड कोच कोणीही आणा, मधले तीन, म्हणजे सेंटर आणि दोन्ही गार्ड, बदलल्याशिवाय काहीही होणार नाही. कडेने येणाऱ्या माणसापासून क्वार्टरबॅक पुढे सरकून सुटू शकतो. मधून आलेल्यापासून सुटायला जागाच नसते.

केशरी_निळा | २१ जानेवारी २०२५

बेन जॉन्सन! तोच. ज्याने आमच्याच मैदानावर ते अडखळण्याचं नाटक रचलं होतं तो आता आमचा हेड कोच.

लेकशोर, तुमचा पहिला मुद्दा आता तपासला जाईल. या वेळी कोच पक्का आहे, त्याला वेळ आहे, आणि त्याने केलेब बघूनच ही नोकरी घेतली असणार, कारण त्याला दुसरीकडेही मागणी होती. मी अजूनही म्हणतो, मुलाने चेंडू लवकर सोडायला शिकलं पाहिजे. पुढच्या वर्षी सबबी ऐकणार नाही, ना त्याच्या ना तुमच्या.

लेकशोर | २१ जानेवारी २०२५

मंजूर. पण प्लेबुक पुन्हा नवं आहे, हे विसरू नका. सप्टेंबरमध्ये घाई करू नका, नोव्हेंबरमध्ये बोलू.

ऑरोराचे_काका | ७ फेब्रुवारी २०२५

व्हर्जिनिया मॅकॅस्की काल गेल्या. वय १०२. वडिलांनी उभा केलेला संघ त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे सांभाळला. आपले सगळ्यांचे मतभेद आहेत, माझेही आहेत. पण त्या दर सामन्याला मनापासून असत. श्रद्धांजली.

लाइनमनची_आई | १२ मार्च २०२५

सगळ्यांनी बातम्या वाचल्या असतीलच, तरी मला लिहायचं आहे, कारण माझ्या घरात आज दिवाळी आहे. कॅन्सस सिटीहून जो थूनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, अटलांटाहून सेंटर ड्रू डालमन. फिल्मरूम यांनी जानेवारीत लिहिले होते तेच मधले तिघे, एकाच महिन्यात. थूनीकडे सुपर बोलच्या चार अंगठ्या आहेत आणि तो लेफ्ट गार्ड आहे. माझ्या मुलाची जागा! पोस्टर मागवून झालंय.

फिल्मरूम | १२ मार्च २०२५

ताई, मुलाला थूनीचे पाय बघायला सांगा, हात नंतर.

जॅक्सन डेट्रॉइटमध्ये जॉन्सनच्याच हाताखाली खेळलेला आहे, त्यामुळे निदान एकाला तरी नवी भाषा आधीच येते. आता राहिला डावा टॅकल. ब्रॅक्स्टन जोन्स दुखापतीतून कधी परततो ते बघायचं. ड्राफ्टमध्ये दहावा क्रमांक आपला आहे. मी तिथे टॅकल घेईन.

ग्रीनबेकर | १३ मार्च २०२५

ड्राफ्ट यंदा आमच्या गावात आहे, ग्रीन बेमध्ये, २४ एप्रिलपासून. लेकशोर, केशरी_निळा, यायचं असेल तर कळवा. राहण्याची सोय माझ्याकडे, फक्त केशरी टोप्या घरात काढायच्या.

केशरी_निळा | १३ मार्च २०२५

येतो. टोपी काढणार नाही. आणि फिल्मरूम, टॅकल नको, केलेबला एक चांगला टाइट एंड द्या. यावर वेगळा धागा काढतो.